आधी नाव, मग बीपी

५ मे, सोमवार
गव्हाणे सर दवाखान्यात! आजारी न्हाईत, शिकायला आल्यात. आठवीत आमाला सायन्स शिकवायचे तेच. मी लगेच पडद्यामागं जाऊन उभी राहिले. आत्या वरडली, "मने, पडद्याला इस्त्री करायलीस का?" झालं. सरांनी बघितलंच. वळखलं का न्हाई काय म्हाईत.

आत्या हितं आया हाय, मी तिच्याकडंच ऱ्हायलेय. तिनंच माझं नाव दिलं. ट्रस्टचा दवाखाना आन सरांची शाळा मिळून कोर्स काढणार, पेशंट सांभाळायचा. त्याचं पुस्तक सरांनी लिहायचं. म्हणून सर सुट्टी हितंच काढणार. दिवसभर काम बघायचं, करायचं, घरी जाऊन लिहायचं, आन लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आमा सहा पोरींवर करून बघायचं.
रेश्मा म्हणली, "मंजी आपण प्रयोगाचे बेडूक."
रेश्मा माझ्या शेजारी बसती. लई बोलती. बरंय, मला बोलावं लागत न्हाई.

६ मे
आज मोठ्या सिस्टरनं साफ सांगितलं, कोर्स चालू झाल्यावर दहावी पासच घेणार. आमच्यात तिघी दहावी पास हायेत. मी, रेश्मा आन आजून एक न्हाई. मग आमाला कावून बसवलं?
सर म्हणले, "आठवीवाल्या पोरींना जमतंय का ते बघायलाच. महिन्याच्या शेवटी ट्रस्टची माणसं येतील. त्यांच्यासमोर करून दाखवा. जमलं तर मी लिहून पाठवतो, आठवी पास चालंल म्हणून."
मंजी माझी जागा त्या दिवसावर अडकली.
गावाकडनं आण्णांचा, माझ्या वडलांचा, फोन. "महिनाभर बघ. न्हाई झालं तर घरी ये. आईला एकटीला लेकराचं होईना."
ते बी खरं हाय. धाकटा भाऊ बारक्या झाला तवाच तर नववी सोडली मी. पण तवा वाईट वाटलं नव्हतं. वर्गात उभं राहून वाचायचं म्हणलं की माझा घसाच बंद व्हायचा. आता वाईट वाटतंय.

७ मे
बीपी शिकलो! दंडाला पट्टा, फुगा दाबायचा, हळू सोडायचा, कानात टक टक. पयली टक वरची, शेवटची टक खालची. मला पयल्या झटक्यात ऐकू आली. सरांना कायच ऐकू येईना. सिस्टर म्हणल्या, "सर, कानातलं उलटं घातलंय."
सर इतके हसले. शाळेत कधी असे हसलेले बघितले नव्हते. म्हणले, "लिहून ठेवतो. नवीन माणूस पयलं हेच चुकणार."
घरी येऊन आत्याचं बीपी घेतलं. आत्याच्या मालकांचं, मामांचं घेतलं. शेजारच्या काकूंचं घेतलं. आत्या म्हणली, "आता म्हशीचं तेवढं ऱ्हायलंय."

९ मे
सरांनी पयला धडा आणला. पेशंटची ओळख. 'पेशंटला पूर्ण नाव विचारा. केसपेपरशी जुळवा. मगच पुढचं काम करा.'
सर स्वतः करून दाखवायला गेले. एक म्हातारी.
"आज्जी, नाव काय?"
"कोंडाबाई."
"पूर्ण नाव?"
आज्जी खाली बघून हसायली.
सरांना वाटलं ऐकू येत न्हाई. "पू-र्ण ना-व!" सगळा वार्ड बघायला लागला.
आज्जी म्हणली, "वरडतू कशाला बाबा. ते भाईर बसल्यात, त्यांना इचार की."
आमी कोपऱ्यात तोंडात वढणी कोंबून. नवऱ्याचं नाव आज्जी कशी घेईल? आमा सगळ्यांनाच म्हाईत. पण सांगितलं कुणीच न्हाई. असलं बी सांगायचं असतंय, हे कुणाच्या डोक्यातच न्हाई.

१२ मे
आज झालं ते लिहिते तरी.

बायांच्या वार्डात दोन सुमनबाई. एकाच गावच्या, एकच आडनाव. त्यांच्याकडं निम्म्या गावाचं तेच आडनाव हाय. एकीचे मालक ज्ञानोबा, दुसरीचे नामदेव. ज्ञानोबांच्या सुमनबाईला साखरंचं इंजेक्शन द्यायचं होतं, जेवणाच्या आधी. दुसरीला साखर न्हाईच, ती तापानं आलेली. सकाळी खाटा हलवल्या, तिथं घोळ झाला.

सरांच्या हातात कागद. मोठ्या सिस्टरच्या हातात इंजेक्शन. माझ्या हातात ट्रे.
सर म्हणले, "सुमन ज्ञानोबा ना तुमी?"
बाई म्हणली, "हं."
सिस्टरनं दंडाला कापूस लावला.

आन मला दिसलं. ती नुसती हं म्हणली. मालकाचं नाव असं चारचौघांत कुणी घेतलं की बाई पदर सावरती, न्हाई तर मान खाली घालती, काय तरी करतीच. हिनं कायच केलं न्हाई. जसं काय भलत्याच माणसाचं नाव. सरांना न्हाई कसं म्हणायचं म्हणून हं म्हणली.
तोंडातून आवाज निघंना. मी सिस्टरचा हातच धरला.
"ए पोरी! येड लागलं का?" ट्रे खाली. कापूस, बाटली, सगळं. सगळ्या बाया उठून बसल्या. मी पळत भाईर.

सर मागून आले. रागावले न्हाईत. "मनीषा, काय बघितलंस?" (नाव म्हाईत होतं त्यांना. मंजी पयल्या दिवशीच वळखलं.) मी तुटक तुटक सांगितलं. सर गेले, वार्डाभाईर बाकड्यावर बसलेल्या तिच्या मालकाला नाव इचारलं. नामदेव.
इंजेक्शन दिलंच नव्हतं. वाचलो सगळे.

सर कपाळाला हात लावून पायरीवर बसले. "माझी बायको लग्न झाल्यापासून मला 'अवो' म्हणतीय. आन मी बायांना पूर्ण नाव इचारत फिरायलोय."

संध्याकाळी मोठ्या सिस्टर आल्या. त्यांचा अर्धा च्या मला दिला. म्हणल्या, "बरोबर होतीस. पण हात नाय धरायचा परत. हात धरला तर सुई मोडती. तोंडानं बोलायचं. बोलता येत नसंल तर ह्या कामात येऊ नको."
च्या गोड होता. बोलणं कडू. दोन्ही गिळलं.

१४ मे
सरांनी पयला धडा फाडला. खरंच फाडला, आमच्यासमोर. "आता तुमी सांगा, नाव कसं इचारायचं?"
एक म्हणली आधार कार्ड बघू. आधार तर सगळ्यांचं घरी पेटीत. एक म्हणली संगं आलेल्या माणसाला इचारू. ते टपरीवर. तरण्या बाया सांगतेत नाव, त्यांचं काय न्हाई. पण म्हाताऱ्या?
रेश्मा चेष्टेत म्हणली, "उखाणा घ्यायला लावा."
सगळ्या हसल्या. सर न्हाई हसले. "चला," म्हणले. तसेच उठले.

वार्डात जाऊन तापाच्या सुमनबाईलाच म्हणले, "ताई, उखाण्यात घ्या नाव." बाई लाजली. मग आजूबाजूच्या बाया लागल्या मागं, घे गं, घे गं, सर म्हणायलेत. तिनं पदर डोक्यावर घेतला आन एका दमात:

धरणाचं पाणी आलं उसाच्या पाटाला,
नामदेवरावांचं नाव घेते, बसून खाटंच्या काठाला.

वार्ड नुसता उसळला. मग काय, ज्ञानोबावाल्या सुमनबाई म्हणल्या आमी का मागं ऱ्हायचं. त्यांनी बी घेतलं. मोठ्या सिस्टर दारात येऊन म्हणल्या, "दवाखाना हाय का हळदीकुकू?" पण कागद घेऊन उभ्या, आन दोन्ही नावं जुळवून बघितली.
सर म्हणले जगात कुठल्या पुस्तकात न्हाई हे.

१७ मे, शनिवार
आज वाईट झालं.
सर लई खुशीत होते. जी बाई दिसंल तिला उखाणा. कोपऱ्यातल्या खाटंवर एक काकू, काल रात्रीच आलेल्या. सर म्हणले, "काकू, घ्या उखाणा!"
काकू नीट उठून बसल्या. मग म्हणल्या, "आता कशाला बाबा. ते गेले की दिवाळीत."
सर खाली स्टुलावर बसले. "चुकलं माझं काकू," म्हणले. दोनदा म्हणले. काकू म्हणल्या, "असू दे. लई दिसांनी कुणी तरी त्यांचं इचारलं." मग त्यांनी स्वतःच नाव सांगितलं. सरळ. उखाण्याबिगर. किती सावकाश घेतलं नाव.

जेवणाच्या सुट्टीत सर डबा उघडून तसेच बसलेले. मी पाण्याचा तांब्या ठेवला. सर म्हणले, "तू काय केलं असतंस?" इतका वेळ थांबले की मला बोलावंच लागलं. म्हणलं, "आधी इचारलं असतं, संगं कोण आलंय. मालक आल्यात का. त्यावरून कळतंय. मग पुढचं."
सरांनी डबा बाजूला सारून लिहिलं.

१९ मे
नवीन धडा तयार. असा हाय: पयलं बाईचं नाव, गाव. मग संगं कोण आलंय. मालक आले असतील आन बाई नाव घ्यायला लाजत असंल तरच उखाणा, ते बी तिला हौस असंल तर. न्हाई तर थोरल्या लेकराचं नाव इचारायचं, कागदावरच्या नंबरावर फोन लावून बघायचा. आपण नाव सांगून 'हो ना?' कधीच म्हणायचं न्हाई. बाई हं म्हणती.
शेवटची वळ सरांनी लाल पेनानं लिहिली.

घरी आत्यावर सराव. आत्यानं असा लांबलचक उखाणा घेतला, मामांच्या नावाचा. मामा तेवढ्यात दारात आले. ऐकलं, आन आले तसे माघारी फिरले. तासभर घरात न्हाई आले.

२४ मे
सगळं येतंय. टेंपरेचर, बीपी, नाडी, हात धुवायची पद्धत, खाटंवरच्या माणसाला न दुखवता कुशीवर करायचं, सगळं. सर म्हणतेत हात सगळ्यांत चांगला माझा. पण डाक्टर जवळ आले की आवाज जातो. आज सरांनी खोटं खोटं करून घेतलं, डाक्टरला उभं केलं. मी बाईला नाव इचारलं तर बाई म्हणली, "आं?" परत इचारलं. "आं?"
रेश्मा म्हणली, "मने, तू नाव इचारायलीस का मनातल्या मनात आरती म्हणायलीस?"
चिडले तिच्यावर. मग दोघी मागच्या टाकीपाशी गेलो. ती टाकीच्या पल्याड, मी अल्याड. तिला ऐकू येईपर्यंत वरडायचं. "नाव काय?" "न्हाई ऐकू आलं!" "नाव काय!" "कुणाचं?" "तुझ्या सासूचं!" वाचमन पळत आला, भांडण लागलं म्हणून.
असं हसले न्हाई कधी.

२९ मे
उद्या ट्रस्टची माणसं येणार. आण्णांना सांगितलं फोनवर. म्हणले, "बघ काय होतंय ते." बारक्या मागून मने मने करायलता.

३० मे, शुक्रवार
झालं!!!!

क्रमानं लिहिते, न्हाई तर विसरंल.

ट्रस्टचे मोठे डाक्टर, दोन बाया, एक कोट घातलेला माणूस. खुर्च्या टाकून बसले. ओपीडी चालूच, खरेच पेशंट. दहावीवाल्या तिघींचं चांगलं झालं. रेश्मानं टेंपरेचर घेतलं, बडबड करत, पण बरोबर. मग मी.

पेशंट मंजी एक आज्जी, मांजरसुंब्याकडच्या. हातभर बांगड्या. कागद माझ्या हातात.
"आज्जी, नाव सांगा." आवाज आला! टाकीपल्याड जाईल एवढा आला.
"लक्षुमी."
"गाव?" सांगितलं. "पूर्ण नाव सांगा."
"कागदावर हाय की गं."
"कागदावरचं बरोबर हाय का तेच बघायलेय."
आज्जी हसायली नुसती. मोठे डाक्टर घड्याळ बघून म्हणले, "अगं घे बीपी. लाइन लागलीय मागं."
सगळे माझ्याकडं. सरांचं पेन थांबलं. जसं काय परत वर्गात वाचायला उभी केलीय. वाटलं, घ्यावं बीपी, काय बिघडतंय. मग ती सुमनबाईच्या दंडावरची सुई दिसली.
म्हणलं, "न्हाई सर. आधी नाव, मग बीपी."
मी म्हणलं हे. मी!
डाक्टरांनी घड्याळाचा हात खाली घेतला. मी आज्जीकडं वळले. "संगं कोण आलंय आज्जी? मालक आल्यात का?"
"आल्यात की. भाईर तंबाकू मळायलेत."
"मग उखाण्यात घ्या नाव. हौस असंल तर."
"हौसंला काय झालं? पण आधी तू घे."
"मी कुणाचं घेऊ आज्जी? आजून कुणी बघायला आलंच न्हाई. आलं तर पयलं बीपी घेईन त्याचं."
सगळी ओपीडी हसली. लाइनीतला एक जण तर खोकायलाच लागला. कुठून आलं माझ्या तोंडात, देवाला म्हाईत. आज्जीनं पदर सारखा केला, मान वर, आन:

ज्वारीच्या भाकरीवर ठेचा वाढते ताजा,
किसनरावांचं नाव घेते, दंड धरा माझा!

कागदावर किसन. जुळलं. पट्टा बांधला, टक टक ऐकली, आकडा सांगितला. मोठ्या सिस्टरनं परत घेतलं. तेवढाच आला. तंतोतंत.
कोटवाल्या माणसानं टाळ्या वाजवल्या. दोन्ही बायांनी वाजवल्या. मोठे डाक्टर म्हणले, "हे उखाण्याचं कुणी काढलं?" सर म्हणले, "ह्या पोरींनी." मी म्हणलं, "रेश्मानं." रेश्मा पयल्यांदा गप झाली.
डाक्टर उठताना माझ्यापाशी थांबले. "मला न्हाई म्हणलीस. असंच म्हणत जा."

आत्या दाराआड रडायली आन मलाच म्हणती, "डोळ्यात फिनाइल गेलं."

२ जून
सरांनी लिहून दिलं, आठवी पास चालंल म्हणून. मोठ्या सिस्टरनं सही केली खाली. मागितली नव्हती, स्वतः केली. मोठ्या डाक्टरांनी बी. आता संभाजीनगरला ट्रस्टच्या मोठ्या आफिसात जाणार कागद. तिथनं हो आलं की झालं.
धडा छापायला बी गेला. सरांनी वर आमा सहाजणींची नावं टाकल्यात. माझं पूर्ण नाव. आण्णांचं नाव मधी.

७ जून
कागद न्हाई आला. सिस्टर म्हणल्या येतो हळूहळू, तू यायचं बंद करू नको. आज मला निळा कोट दिला. मोठा होतो, बाह्या दुमडल्या. आरशापाशी उगंच दोन चकरा मारल्या.

१४ जून, शनिवार
सरांचा शेवटचा दिवस. शाळा उघडणार सोमवारी. जाताना सगळ्या वार्डात फिरले, नावं घेऊन निरोप घेतला. मला म्हणले, "मी तुला शिकवायला आलतो का तू मला, कळंना बघ." मी म्हणलं, "सर, बीपी तर सिस्टरनंच शिकवलं दोघांना." हसले. "दहावीचं बी बघू. भाईरून परीक्षेला बसता येतंय." ते डोक्यात बसलं.
कागद आला न्हाई.
आण्णांचा फोन. महिना झाला की वर, म्हणले. सोमवारी येतो न्यायला.

१६ जून, सोमवार
आण्णा आले. मी ओपीडीत होते, निळा कोट घालून, लाइन भाईरपर्यंत. ते दारातच थांबले. चप्पल काढावी का न्हाई कळंना त्यांना. मोठ्या सिस्टर म्हणल्या, "या, आलात तसं बीपी दाखवून जा." आण्णा म्हणले मला काय झालंय. सिस्टरनं ऐकलं न्हाई. लाइनीत उभं केलं.
नंबर आला. माझ्यासमोर स्टुलावर बसले. ट्रॅक्टर चालवून चालवून हात असा दगडावानी. मी पट्टा बांधला. आण्णा माझ्याकडं बघंना, कोटाकडं बघायले.
"कागद आला का तुझा?"
"न्हाई आजून."
"मग कवा येतीस घरी? आई वाट बघायलीय. पिशवी भरली का?"
फुगा हातात होता माझ्या. म्हणलं, "आण्णा, बोलू नका. बोललं की आकडा चुकतो. हात ढिला सोडा."
आण्णा गप झाले. माझे आण्णा! हात सोडला ढिला. टक टक ऐकली सगळी, शेवटपर्यंत. वर होतं जरा.
"जास्त हाय आण्णा. बाकड्यावर बसा शांत. दहा मिनिटांनी परत घेणार मी."
"आपली एस्टी हाय गं आत्ताची."
"पुढची हाय की."
आण्णांनी बाही खाली केली. मग उठले आन जाऊन बसले बाकड्यावर. पाय जुळवून, हात मांडीवर.
मी पुढच्या बाईला म्हणलं, "या."